राखी बगळ्यांची मावशी

काळी गोगलगाय एकशे त्रेचाळिसाव्या प्रयत्नात मेली आणि त्यानंतर चार मिनिटांत आमच्या टोळीचा प्रमुख टोळी सोडून गेला. रविवार होता, दुपारचे साडेतीन वाजले होते, बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं आणि शेजारचे लोक बागेत खुर्च्या टाकून बसले होते. आम्ही पंचवीस जण मात्र आपापल्या घरी पडदे ओढून, कानांवर हेडफोन चढवून एका मेलेल्या गोगलगाईभोवती उभे होतो.

खेळाचं नाव ऑर्मवाल्ड. संगणकावरचं एक भलंमोठं जग, त्यात एकाच वेळी हजारो खरी माणसं खोट्या नावांनी हिंडत असतात. मी त्यात वैदू आहे. कुणाला जखम झाली की मंत्र म्हणून ती भरायची, मेला तर उठवायचा. एरवी मी वोल्टर, झ्वोल्ले गावात चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. आठवडाभर ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी राबतो आणि रविवारी दोन वाजल्यापासून ज्यांना आपण विषारी चिखलात उभे आहोत हे दिसत नाही त्यांच्यासाठी.

हे मी फुशारकीने सांगतोय खरं, पण चिखलात उभा राहणारा बहुतेक वेळा मीच असायचो.

"वोल्टर, कुठे उभा आहेस?" डिडरिक विचारायचा.

"कडेला."

"कशाच्या कडेला?"

"चिखलाच्या."

"आतून का बाहेरून?"

मी बघायचो. आतून. तेवढ्यात मी मेलेलो असायचो, आणि वैदूच मेल्यावर बाकीचे चोवीस जण मिनिटभरात माझ्या मागोमाग यायचे. मग सगळे पुन्हा दारापासून चालत यायचे. सात महिने हेच चाललं होतं. याला आम्ही विरंगुळा म्हणायचो.

डिडरिक आमचा प्रमुख. डेव्हेंटरला बागेच्या सामानाच्या दुकानात कुंड्या आणि खताची पोती उचलतो. तिथे म्हणे तो गिऱ्हाइकाशी मान वर करूनही बोलत नाही. इथे मात्र ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा आणि असा ओरडायचा की आमच्या दुकानातला मांजराच्या डोळ्यांसारखा तिरपा चष्मासुद्धा सरळ झाला असता. टोळी त्यानेच अकरा वर्षांपूर्वी काढली. नाव 'राखी बगळे'. लुटीचे नियमही त्याचेच. वस्तू कुणाला मिळणार हे फासे टाकून ठरायचं. ज्याचा आकडा मोठा, त्याची वस्तू. रडारड चालायची नाही.

गोगलगाईच्या पोटातून शिंगांचा टोप निघाला. अख्ख्या खेळात ढालवाल्यासाठी त्याहून चांगला टोप नव्हता. डिडरिक सात महिने त्याच्याचसाठी झुरत होता आणि हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने फासे टाकले, सत्त्याण्णव आले. हेडफोनमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग आल्स्टच्या लिव्हेनला अठ्ठ्याण्णव आले.

लिव्हेन बेल्जियमचा, आमच्या टोळीतला एकुलता एक परदेशी. तो तिरंदाज. तिरंदाजाने तो टोप घालायचा म्हणजे हजामाने चिलखत घालण्यातला प्रकार.

"माझ्या हातात सँडविच होतं," लिव्हेन म्हणाला. "चुकून दाबलं गेलं."

"मग परत कर," लाम्बर्ट म्हणाला. लाम्बर्ट म्हणजे डिडरिकचा उजवा हात, निदान त्याला स्वतःला तरी तसं वाटायचं.

"होत नाही. एकदा मिळालं की दुसऱ्याला देता येत नाही. नियम आहे."

इथवर सगळं निभावलं असतं. पण लिव्हेनने टोप डोक्यावर चढवला आणि तो गोगलगाईच्या पाठीवर उभा राहून नाचला. खेळात नाचायचं एक बटण आहे. ते कुणी आणि का बनवलं देव जाणे, पण त्या बटणाने मोडली तेवढी माणसं तलवारींनी मोडली नसतील.

पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ आली, की डिडरिकने राखी बगळे सोडले. मग दुसरी आली, की राखी बगळ्यांची नवी प्रमुख स्नूकमावशी.

"ही कोण?" लाम्बर्टने विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. यादीत बघितलं. स्नूकमावशी, लेव्हल अकरा. आम्ही सगळे ऐंशीवर होतो. अकरा लेव्हल म्हणजे नवखा माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाला उठतो तोवर गाठतो ती. स्नूक हा आमच्या कालव्यातला दातेरी मासा, त्यावरून ते नाव. ती तेव्हा कुठे आहे तेही यादीत दिसत होतं. राजधानीच्या वेशीबाहेरच्या तळ्यावर.

नंतर उलगडा झाला. प्रमुख वारस न नेमता गेला, तर टोळीत ज्याने एकदाही खंड पडू दिला नाही अशा सगळ्यांत जुन्या सभासदाकडे गादी आपोआप जाते. आम्ही बाकीचे सगळे कधी ना कधी रुसून निघून गेलो होतो आणि तोंड पाडून परत आलो होतो. लाम्बर्ट तीन दिवस दुसऱ्या टोळीत जाऊन आला होता. स्नूकमावशी कुठेही गेली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी टोळी काढायला दहा सह्या लागत होत्या, डिडरिककडे नऊ होत्या, आणि वेशीबाहेर एक बाई गळ टाकून बसली होती. तिने सही केली आणि पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. त्यानंतर तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

लाम्बर्ट आणि मी तळ्यावर गेलो. खांद्याला टोपली, अंगात गोणपाटासारखा सदरा असं तिचं ध्यान होतं. शेजारी आमच्या झगमगीत चिलखतांत आम्ही लग्नाच्या बँडवाल्यांसारखे दिसत होतो. ती माइक वापरत नव्हती, टाइप करायची. प्रत्येक वाक्याला पूर्णविराम.

"नमस्कार मावशी," लाम्बर्टने लिहिलं. "एक छोटंसं काम होतं."

"दोन मिनिटं थांबा. लागलाय."

आम्ही थांबलो. तिने मासा काढला, बघितला, टोपलीत टाकला.

"बोला."

"चुकून तुमच्याकडे प्रमुखपद आलंय. तुम्हाला उगाच त्रास. टोळीच्या पानावर खाली एक बटण आहे, त्यात माझं नाव निवडायचं आणि दाबायचं. झालं."

"थांबा. शोधते." मग बराच वेळ काही नाही. "सापडलं."

"मग दाबा."

"नको."

"का हो?"

"वीस मिनिटांपूर्वी तुम्ही टोळीच्या खिडकीत मला 'तळ्यावरचं बुजगावणं' म्हणालात."

गप्पांची ती खिडकी टोळीतल्या प्रत्येकाला दिसते हे आम्हाला ठाऊक होतं, पण ती कुणी नुसती वाचत बसेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"ते गमतीत," त्याने लिहिलं.

"मी अकरा वर्षं वाचतेय. तुमची गंमत मला कळते. रविवारी ती गोगलगाय मला दाखवा. नुसतं ऐकून आहे."

पुढच्या रविवारी आम्ही तिला घेऊन निघालो. गोगलगाय दर आठवड्याला नव्याने जिवंत होते. कितीही कष्टाने मारा, बुधवारी सकाळी ती परत ताजीतवानी. या खेळाचा आम्हाला राग राग येण्याची जी कारणं आहेत त्यांत हे वरचं, आणि आम्ही दर आठवड्याला परत जातो त्याचंही कारण हेच.

लेव्हल अकराच्या माणसाला त्या गुहेत नेणं म्हणजे लोण्याचा गोळा भट्टीतून चालवत नेणं. दारातल्या वटवाघळाने नुसतं पंख हलवल्यावर मावशी मेली. मी उठवली. पुढे एका मशरूमच्या वासाने मेली. उठवली. जिन्यावरून उतरताना मेली, तिथे तर कुणी शत्रूही नव्हता.

"पायऱ्या उंच आहेत," तिने लिहिलं.

"मावशी, तुम्ही माझ्या मागे मागे या," लिव्हेन म्हणाला. त्याच्या डोक्यावर शिंगांचा टोप होता. "माझं पाऊल पडेल तिथेच तुमचं पाऊल."

"तू तर मागच्या रविवारी तीनदा खड्ड्यात पडलास. मी वाचलं."

हेडफोनमध्ये एकदम हशा पिकला. कित्येक महिन्यांत त्या गुहेत कुणी हसलं नव्हतं. मी तिला एकूण अकरा वेळा उठवलं. एरवी दोनदा उठवतानाच माझ्या तोंडून शिव्या सुटतात.

शेवटी गोगलगाय आली. घरभर मोठी, काळी, अंगातून हिरवा चिखल गाळणारी. डिडरिक नव्हता, त्यामुळे 'डावीकडे', 'मागे', 'आता' असं सांगणारं कुणी नव्हतं. लाम्बर्टने ओरडून बघितलं, पण डिडरिकच्या ओरडण्यात पोटतिडीक असायची, लाम्बर्टच्या ओरडण्यात नुसता आवाज. आम्ही सहा वेळा मेलो. मावशी लांब खांबाआड बसून बघत होती.

"एवढीच?" तिने लिहिलं.

आम्ही पुन्हा दारापासून चालत येत होतो.

"हिच्यासाठी सात महिने भांडत होतात? मला वाटलं वेगाने पळत असेल."

मग चार वाजले आणि तिने प्रमुख या नात्याने पहिला हुकूम काढला. "चार वाजले. आता पुरे. ज्यांच्या घरी माणसं आहेत त्यांनी माणसांकडे बघा. ज्यांच्या नाहीत त्यांनी झाडांना पाणी घाला." आणि तिने मोहीम बंद केली. प्रमुखाला तो अधिकार असतो. डिडरिकने अकरा वर्षांत तो एकदाही वापरला नव्हता, त्याच्या मोहिमा कुणाची तरी बायको वीज घालवायची तेव्हा संपायच्या.

मी झाडांना पाणी घातलं. त्यातली दोन आधीच मेलेली होती, ती माझ्याने उठली नाहीत.

बुधवारी खेळाचं नवं अपडेट आलं. आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो, म्हणजे 'आपल्यापुढे चार हजार सहाशे बारा जण आहेत' या पाटीकडे दीड तास बघत बसलो. आत गेल्यावर पहिल्याच गावात एक डुकरं राखणारा म्हातारा भेटला. त्याची पाच डुकरं हाकून आणली की बक्षीस म्हणून गवताची टोपी मिळत होती. लाम्बर्टने ती घातली, आकडे बघितले आणि ती काढून पुन्हा घालून बघितली. गवताची टोपी शिंगांच्या टोपापेक्षा सव्वापटीने सरस होती.

सात महिने, एकशे त्रेचाळीस प्रयत्न, अकरा वर्षांची टोळी, आणि वर पाच डुकरं. खेळ चालवणाऱ्या कंपनीला आम्ही त्या दिवशी ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. एकाने कायमचा खेळ सोडत असल्याचं चार परिच्छेदांचं पत्र लिहिलं आणि पाच वाजता डुकरं हाकताना दिसला. लिव्हेनने शिंगांचा टोप कोठीत टाकला. पण "झालं गेलं, डिडरिकला बोलवू या" असं कुणीही म्हणालं नाही. भांडणाचं कारण गेलं तरी भांडण थोडंच जातं, त्याला आता स्वतःचे पाय फुटले होते.

लाम्बर्टने मात्र जोर धरला. प्रमुख लेव्हल अकराची, मोहिमा चारला बंद, लोक हसतायत, असं तो एकेकाला वेगळं गाठून सांगायला लागला. मग मला फोन केला.

"ती मेप्पेलला राहते. तिने एकदा बोलता बोलता लिहिलंय. तुझ्यापासून जवळ आहे. जाऊन समजावून ये."

"मी? मला तर चिखल दिसत नाही."

"म्हणूनच. तुझ्यावर कुणाला संशय येत नाही."

मी मावशीला विचारलं. तिने शनिवारी साडेदहाची वेळ दिली, पत्ता दिला आणि 'कॉफी मिळेल, जेवण नाही' असंही लिहिलं. मी सायकल गाडीत चढवून मेप्पेलला उतरलो.

दार उघडलं ते सहा फूट उंच, पांढरे केस बारीक कापलेल्या, साठीच्या एका बाईने. नाव रूली. स्नूकमावशीच्या गोणपाटाच्या सदऱ्यात मी एक लहानखुरी, वाकलेली म्हातारी कल्पिली होती. ही माझ्या डोक्यावरून रस्ता बघत होती.

"चिखलवाला वैदू तूच ना," ती म्हणाली. "बूट बाहेर."

कॉफी झाली. एक बिस्कीट मिळालं. मी लाम्बर्टने पढवलेलं सगळं सांगितलं आणि ती खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली. माझं संपल्यावर तिने विचारलं, "मी काय काम करते ठाऊक आहे?"

"नाही."

"पाणीखात्यात तक्रारींचा फोन घेते. सव्वीस वर्षं झाली. लोक म्हणतात, माझ्या घरामागच्या चरातून वास येतो. चरात पाणी जास्त आहे. कमी आहे. राजहंस चावला. काल एकाने फोन केला, की बेडूक फार मोठ्याने ओरडतात. मी म्हटलं, साहेब, मी त्यांना निरोप देते."

मला हसू आलं, तिला आलं नाही.

"घरी आले की मी त्या तळ्यावर बसते. ते पाणी कुणाचं नाही, त्याबद्दल कुणी फोन करत नाही. आजूबाजूने सगळे घोड्यांवरून, ड्रॅगनांवरून धावत असतात, टोळीच्या खिडकीत तुमची बडबड चालू असते. शेजारी रेडिओ लावून विणत बसावं तसं. लोक आहेत, पण मला कुणी काही मागत नाही. अकरा वर्षांत एकाने हाक मारली नाही, वोल्टर. याच्याइतकं सुख मला कुठे मिळालं नाही."

"आणि आता?"

"काल एकेचाळीस पत्रं आली. अमक्याने माझी जागा घेतली. तमका मुद्दाम उशिरा येतो. माझ्या मंत्राचं कुणी कौतुक करत नाही. एकाची तक्रार आहे, की लिव्हेन फार नाचतो. बेडकांसारखंच झालं हे."

"मग सोडा ना ती गादी. बटण दाबलं की मोकळ्या."

"बाथरूम जिन्याखाली आहे," ती म्हणाली.

मी विचारलं नव्हतं. पण कॉफी बरीच झाली होती, गेलो. आमच्याकडे सगळ्यांच्या घरी असतं तसं तिच्याही बाथरूममध्ये वर्षानुवर्षं तेच चालणारं वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. बहीण, भाचा, शेजारीण. आणि त्यांच्याच मधेमधे, त्याच निळ्या शाईने, 'डिडरिक गेला'. पुढे काही दिवसांनी 'डिडरिक आला'. बाजूला बारीक अक्षरात वर्षं. मी बसल्या बसल्या पानं उलटली. ही खेप सोडून सात वेळा गेला होता, सात वेळा आला होता, पण तेव्हा दर वेळी गादी कुणाच्या तरी हाती सोपवून. जास्तीत जास्त सव्वीस दिवस. एकदा तर सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत.

नोव्हेंबरच्या पानावर माझं नाव होतं. खरं नव्हे, वैदूचं. चौदा तारीख. कधीतरी खिडकीत मी म्हणालो असेन, की आज माझा वाढदिवस आणि दुपारभर मी चिखलात मरतोय. त्या वर्षी बायको घर सोडून गेली होती, त्यामुळे लक्षात ठेवणारं तसं कुणी नव्हतं.

मी हात धुतले, जरा जास्तच वेळ धुतले, आणि बाहेर आलो.

"तो येईल," रूली म्हणाली. "नेहमी येतो. कुंड्या उचलून माणूस किती दिवस राहील? पण येईल तेव्हा घर उभं पाहिजे. तुमच्या त्या लाम्बर्टला गादी दिली तर तो आधी नाव बदलेल, मग ज्यांचं पटत नाही त्यांना काढेल. त्याने परवा लिव्हेनला लिहिलं ना, पोलादी बगळे कसं वाटतं म्हणून."

"ते तुम्हाला कसं कळलं?"

"त्याने चुकून सगळ्यांना पाठवलं होतं. तुम्ही कुणी वाचत नाही."

मी झ्वोल्लेला परत जाऊन लाम्बर्टला सांगितलं, की बाई ऐकत नाही. तो म्हणाला, तुला पाठवण्यातच चूक झाली. त्यात खोटं काही नव्हतं.

डिडरिकला जाऊन तेविसावा दिवस. मी दुकानातून येऊन बटाटे सोलत होतो. रूलीचा निरोप आला, "तळ्यावर ये. बोलू नकोस काही."

मी बटाटे तसेच टाकून गेलो. मावशीच्या शेजारी एक नवा गडी बसला होता. लेव्हल दोन, अंगात सुरुवातीला फुकट मिळतात ते फाटके कपडे, हातात सगळ्यांत स्वस्तातला गळ. नाव 'नुसतेमासे'. मी झुडपाआड उभा राहिलो. माझं हिरवं चिलखत झुडपात लपेल असं मला वाटलं होतं.

मग त्या नवख्याने लिहिलं, "तुम्ही चुकीच्या जागी टाकताय. तीन पावलं डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे. थांबा, आता नाही. मी सांगतो तेव्हा. आता."

"नमस्कार डिडरिक," मावशीने लिहिलं.

गळाचं बूच बुडालं, वर आलं, मासा सुटून गेला.

"मला कुणी ओळखू नये म्हणून हे नाव घेतलंय."

"बरं केलंस. तुझी गादी माझ्याकडे आहे. घेऊन टाक."

"नको मावशी." मावशी असं त्याने पहिल्यांदाच म्हटलं होतं. "चार दिवस झाले मी इथे येतोय, पलीकडच्या काठावर. कुणी काही विचारत नाही. कुणी चिखलात उभं राहत नाही. मला माहीतच नव्हतं, की या खेळात असं काही आहे. अकरा वर्षं मी या तळ्याजवळून घोडा हाकत गेलो. मला आता प्रमुख व्हायचं नाही. मी मासे धरणार."

मला वाटलं ती विरघळेल. तिच्याच मनातलं तो बोलत होता.

"हे तळं माझं आहे," मावशीने लिहिलं.

"एवढं मोठं तर आहे."

"तेवीस दिवस मी तुझं घर राखलं. एकेचाळीस एकेचाळीस पत्रं वाचली. त्या गोगलगाईच्या गुहेत अकरा वेळा मेले. जिन्यावर मेले. आणि तू येऊन माझ्या शेजारी बसून मला गळ कसा टाकायचा ते शिकवतोस?"

"तसं नाही, मी फक्त..."

"तुला मासे धरता येत नाहीत, डिडरिक. तू माशांवर ओरडतोस."

आणि तिने बटण दाबलं. समोरच्याची संमती त्या बटणाला लागत नाही, जशी तिचीही लागली नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात ओळ आली, की राखी बगळ्यांचा नवा प्रमुख नुसतेमासे. टोळीत नसलेल्या माणसाला प्रमुख करता येत नाही म्हणून तिने त्याला आधी टोळीत ओढून घेतलं होतं, ते त्याला कळलंही नव्हतं.

टोळीच्या खिडकीत लाम्बर्टने लिहिलं, "आता लेव्हल दोन. पुढच्या खेपेला एखादी कोंबडी बसवा." लिव्हेनने लिहिलं, "नुसतेमासे कोण?" आणि मग मीच लिहिलं, कोण ते.

लिव्हेनने माफी वगैरे मागितली नाही. त्याने फक्त विचारलं, "डिडरिक, रविवारी येतोयस का? आमच्याकडे ओरडायला कुणी नाही. लाम्बर्टचा घसा बसलाय."

डिडरिक त्या संध्याकाळी बऱ्याच वेळाने माइकवर आला. आधी खाकरला. मग म्हणाला, "दोन वाजता. पावणेदोनला आलात तर बरं. वोल्टर, तू दीडला ये, चिखल म्हणजे काय ते मी तुला एकदा चित्र काढून दाखवणार आहे." आपला जुना ढालवाला गडी त्याने काही पुसून टाकलेला नव्हता, तेवढं धाडस कुणीच करत नाही. तो रविवारी गवताची टोपी घालून हजर झाला आणि पहिल्या दहा मिनिटांत तीन जणांना रडवलं.

लाम्बर्ट त्याच आठवड्यात नऊ जणांना घेऊन गेला आणि त्याने पोलादी बगळे काढले. पाच आठवड्यांनी परत आला. तिकडे म्हणे नऊच्या नऊ जण प्रमुख होते आणि वैदू एकही नव्हता. कुणी त्याला काही विचारलं नाही. मोहिमा आताही साडेचारपर्यंत लांबतात, पण चारला कुणीतरी "झाडं" एवढंच लिहितं आणि मग दोघंतिघं उठून जातात.

स्नूकमावशी मात्र वेशीबाहेरच्या तळ्यावर परत दिसली नाही. ती टोळीत होती, यादीत नाव होतं, फक्त जागा बदलली होती. उत्तरेला, बर्फाच्या डोंगरापलीकडे एक सरोवर आहे. तिथे कुठलं काम निघत नाही, कुठला राक्षस नाही, त्यामुळे कुणी जात नाही. लेव्हल अकराने तिथवर पोचताना ती किती वेळा मेली असेल याचा मी हिशेब करायला गेलो आणि सोडून दिला. वाटेत उठवायला कुणी नसलं की दर वेळी पार स्मशानापासून चालत यावं लागतं.

मी एका शनिवारी सकाळी गेलो. चाळीस मिनिटं चालावं लागतं, घोडा तिथे चालत नाही. ती एका खडकावर बसलेली होती. मी नमस्कार लिहिला नाही. दोन पावलं मागे बसलो, कोठीतून गळ काढला, तो माझ्याकडे कधीपासून होता आठवत नाही, आणि टाकला.

पाऊण तास कुणाला काही लागलं नाही.

मग तिने लिहिलं, "तुझं ते हिरवं चिलखत पाण्यात दिसतं. मासे बिचकतात. थोडा लांब बस."

मी उठून लांब बसलो.

"आणखी," तिने लिहिलं.